श्यैनिकशास्त्रांतील ‘वाज’ आणि आमचा ‘ससाणा’

श्येनांच्या साहाय्यानें करावयाच्या मृगयेवरील संस्कृत ग्रंथ थोडे. त्यांत रुद्रदेवकृत ‘श्यैनिकशास्त्र’ हा प्रमुख होय. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह संपादिला व तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें १९१० मध्यें प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ता कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊंचा, राजा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेलेला चंद वंशांतील रुद्रचंद तो हाच, असें सामान्यतः मानितात. ग्रंथ लहान, अवघ्या सात परिच्छेदांचा. परंतु त्यांत आलेल्या पक्षिनामांचा प्रश्न लहान नाहीं. आमच्या दप्तरांच्या व चित्रसंग्रहांच्या वाचनास या ग्रंथाचा उपयोग किती, व तो करितांना सावधगिरी कोठें बाळगावी, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

बाज, ससाणा, शिकरा, बहिरी हीं चार नांवें मराठी वाचकाच्या कानांवरून गेलेलीं असतात. तीं एकाच पक्ष्याचीं, कीं चार निरनिराळ्या पक्ष्यांचीं, असें विचारल्यास बहुतेक उत्तर ‘एकाच जातीचे सर्व’ असें येतें. कोशांकडे वळावें तर तेथेंही समाधान होत नाहीं. मोनिअर विल्यम्स यांच्या १८९९ च्या कोशांत ‘श्येन’ या एका शब्दाखालीं इंग्रजींतील हॉक, फाल्कन व ईगल असे तिन्ही वर्ग एकत्र बसविलेले आहेत. वैदिक सोमाहरणाच्या कथेपुरतें हें चालेल. पण ज्या काळांत हे पक्षी पाळले जात, त्यांस नोकर, खुराक व औषधें लागत, त्या काळच्या कागदांस हें चालणार नाहीं. त्या व्यवहारांत प्रत्येक नांवास निराळा पक्षी, निराळी शिकार व निराळें मोल होतें. हा व्यवहार आतां आपल्याकडे उरलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असे पक्षी रानांतून धरून पाळण्याची वाटच बंद झाली, आणि पक्ष्यांच्या हितासाठीं तें योग्यच झालें. परंतु ज्याच्या तोंडून ही परिभाषा विचारून घ्यावी तो बाजदारही त्यामुळें नाहींसा झाला. आतां साक्ष उरली ती ग्रंथांची, कागदांची व चित्रांची. तीच चुकीची वाचली गेली तर पुन्हा दुरुस्त करण्यास कोणी जाणता भेटणार नाहीं.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगूं. मनूनें कामज व्यसनें दहा सांगितलीं आणि त्यांत मृगयेस अग्रस्थान दिलें. राजास निषिद्ध म्हणून सांगितलेल्या गोष्टीवर राजानेंच शास्त्र लिहावयाचें, म्हणजे आधीं तिचें समर्थन करणें प्राप्त झालें. रुद्रदेवानें आरंभीचे परिच्छेद या कामीं खर्चिले आहेत. व्यसनांपैकीं कोणतें कोठवर त्याज्य व कोठवर ग्राह्य, याची त्याची चर्चा चतुर आहे. परंतु ती वकिली आहे, हें वाचकाच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. चौथ्या परिच्छेदापासून मात्र भाषेचा नूर पालटतो. पक्षी कसा वश करावा, ऋतुमानाप्रमाणें त्यास कसें ठेवावें, दुखण्यांत काय द्यावें, रानांत कसा सोडावा, हें सारें हातानें केलेल्या माणसाचें लिहिणें आहे. पूर्वीच्या ग्रंथांतून उतरून घेतलेल्या ज्ञानास असा नेमकेपणा येत नाहीं.

या भागांतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पक्ष्यांचें वर्गीकरण. रुद्रदेव सर्व शिकारी पक्ष्यांचे दोन वर्ग करितो : एक कृष्णाक्ष व दुसरा पाटलाक्ष, म्हणजे काळ्या डोळ्यांचे व तांबूस डोळ्यांचे. फार्सी बाजनाम्यांतही हेच दोन वर्ग, ‘सियाह-चश्म’ व ‘जर्द-चश्म’ या नांवांनीं, येतात. काजारवंशीय राजपुत्र तैमूर मिर्झा याचा ‘बाजनामा-इ-नासिरी’ लेफ्टनंट-कर्नल फिलट यांनीं १९०८ मध्यें इंग्रजींत आणिला, त्यांत हा भेद पाहावयास मिळतो. बहिरी, शाहीन, लगर, चरग, तुरुमती हे काळ्या डोळ्यांचे. बाज, बाशा, बेसरा, शिकरा हे पिवळ्या डोळ्यांचे. पहिल्या वर्गाचे पंख लांब व टोंकदार. ते उंच चढून वरून झेप घेतात व त्यांस मोकळें मैदान लागतें. दुसऱ्यांचे पंख आंखूड व रुंद, शेपटी लांब. ते मुठीवरून सुटून झाडाझुडपांतून पाठलाग करून सावज धरितात.

वरवर पाहतां डोळ्यांच्या रंगावरून जाति ठरविणें हा बाळबोध प्रकार वाटेल. वास्तविक तो तसा नाहीं. लिनीअस यानें १७५८ मध्यें बाजाचें वर्णन केलें तें ‘फाल्को जेंटिलिस’ या नांवानें. म्हणजे बाज व बहिरी यांस त्यानें एकाच ‘फाल्को’ गणांत घातलें. पुढें शास्त्रज्ञांनीं ते गण वेगळे केले, तरी दोन्ही वर्ग एकमेकांचे निकटचे आप्त आहेत ही समजूत फार काळ टिकली. २००८ मध्यें पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याची व्यापक तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हां असें दिसून आलें कीं बहिरीचा वर्ग बाजापेक्षां पोपट व चिमण्यांच्या कुलांस अधिक जवळचा आहे. दोहोंमधील साम्य शिकारीच्या समान वृत्तीनें आलेलें आहे. बाजदारांनीं डोळ्यांवरून ओढलेली रेघ कोशकारांच्या रेघेपेक्षां खरी ठरली. कुमाऊंच्या राजानें ती संस्कृतांत नमूद करून ठेविली, हें या ग्रंथाचें पहिलें श्रेय.

येथें एक बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. फार्सी लेखक ज्या वर्गास ‘जर्द’, म्हणजे पिवळ्या, डोळ्यांचा म्हणतात त्यास रुद्रदेव ‘पाटल’ म्हणतो. पाटल म्हणजे गुलाबी तांबूस. हा विरोध नाहीं. बाजाचें पिलूं वाढत असतां त्याचा डोळा पिवळा असतो. वयाबरोबर तो नारिंगी व पुढें तांबडा होत जातो. शिकऱ्याच्या नरांतही असाच पालट दिसतो. काळ्या डोळ्यांच्या वर्गांत मात्र डोळा जन्मभर गडदच राहतो. तेव्हां एका परंपरेनें वर्गास नांव दिलें तें कोंवळ्या पक्ष्यावरून व दुसरीनें दिलें तें जुन्या पक्ष्यावरून, असें आम्हांस वाटतें. कारण कांहींही असो, ‘पाटलाक्ष’ हा शब्द ‘जर्द-चश्म’ याचें शब्दशः भाषांतर नाहीं, एवढें स्पष्ट आहे. संस्कृत लेखकानें पक्षी डोळ्यांनीं पाहिला होता, याचा हा पुरावा समजावा.

आतां दोषाकडे वळूं. ग्रंथांत बाजास ‘वाज’ व बाशास ‘वासा’ म्हटलें आहे. ‘वाज’ हा शब्द संस्कृतांत जुना. वेग, बल, पंख असे त्याचे अर्थ प्रसिद्ध आहेत. वेगवान् पक्ष्यास तो इतका शोभतो कीं, वाचकास हें पक्ष्याचें मूळचेंच संस्कृत नांव वाटावें आणि फार्सी ‘बाज’ हाच त्याचा अपभ्रंश समजावा. हा मोह आवरला पाहिजे. अमरसिंहानें द्वितीय कांडाच्या सिंहादिवर्गांत या पक्ष्यास शशादन, पत्री व श्येन अशीं तीन नांवें दिलीं आहेत. त्यांत ‘वाज’ नाहीं. ‘वासा’ या रूपास तर संस्कृतांत पक्षिवाचक असा कांहींच आधार दिसत नाहीं. तें ‘बाशा’ याचेंच रूप आहे. एका पंक्तींत बसलेल्या दोन नांवांपैकीं एक उघड परकें असतां दुसरें स्वकीय धरणें सयुक्तिक नाहीं. रुद्रदेवानें बाजदारांच्या तोंडचीं प्रचलित नांवें घेतलीं व त्यांस संस्कृत वेष दिला. तसें करण्याचा त्यास अधिकार होता. पण तीं आपण कोठून घेतलीं हें त्यानें सांगितलें नाहीं, आणि तेवढ्यानें त्याचा ग्रंथ व्युत्पत्तीच्या कामीं साक्ष देण्यास अपात्र ठरतो.

नांव परकें ठरलें म्हणून कला परकी ठरत नाहीं, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. पाणिनीच्या ६.३.७१ या सूत्रानें ‘श्यैनंपाता’ हें रूप सिद्ध होतें, व तें मृगयेचें विशेषण आहे. आमच्या बाजूस यावें तर कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या विनोदांमध्यें श्येनविनोद सांगितलेला आहे. तो ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इसवी सन ११२९ चा. अल्लाउद्दिनाची देवगिरीवरील स्वारी १२९६ ची. तिच्यापूर्वीं दीडशेंहून अधिक वर्षें दक्षिणेच्या दरबारांत हा खेळ शास्त्रांत घालण्याइतका रूढ होता. कला येथें होती. मागाहून आलेल्या राजवटींबरोबर तिची परिभाषा मात्र बदलली. शब्दाचें मूळ तेंच वस्तूचें मूळ, असें समजणारांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

मराठी ‘ससाणा’ या शब्दाची कथा याहून निराळी. अमरकोशांतील ‘शशादन’, म्हणजे ससे खाणारा, यापासून ‘ससाअण’ व त्यावरून ‘ससाणा’ हा क्रम प्राकृताच्या नियमांस धरून आहे, व आम्हांस तो ग्राह्य वाटतो. हें नांव सावजावरून पडलें. इंग्रजी ‘गॉसहॉक’ या नांवाचीही अशीच गोष्ट. त्याचें प्राचीन रूप ‘हंस मारणारा ससाणा’ या अर्थाचें आहे. प्रत्यक्षांत हा पक्षी हंसाच्या वाटेस क्वचित् जातो, त्याचें नित्याचें भक्ष्य म्हणजे पारवे, रानकोंबडे व ससे. युरोपीय शास्त्रज्ञांनीं एके काळीं त्यास दिलेलें ‘पालुंबारियस’ हें लॅटिन नांव पारव्यांवरून आलें आहे. एकाच पक्ष्यास कोणी हंसांवरून ओळखिलें, कोणी पारव्यांवरून. सावजावरून पडलेलें नांव पक्ष्याची जाति सांगत नाहीं. नांव ठेवणारानें त्यास काय धरितांना पाहिलें, तेवढेंच तें सांगतें.

आणि म्हणूनच ‘ससाणा’ या नांवाचें पुढें जें झालें तें समजण्याजोगें आहे. आजच्या मराठी पक्षिग्रंथांत ‘बहिरी ससाणा’ हें नांव रूढ आहे तें काळ्या डोळ्यांच्या, बहुधा उडते पक्षी मारून खाणाऱ्या बहिरीस. सशाशीं त्याचा संबंध थोडा. ससे धरण्यांत बाजाची मादी पटाईत, व काळ्या डोळ्यांच्यांपैकीं चरगही त्या कामीं वापरीत. म्हणजे शब्दाच्या अर्थास जो पक्षी अधिक साजेल त्यास सोडून नांव दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसलें आहे. रूढीशीं भांडण्याचें कारण नाहीं. परंतु आजचा अर्थ दोनशें वर्षांपूर्वींच्या कागदांत घालूं नये. ‘बहिरी’ याविषयींही एक लोकभ्रम आहे. हा पक्षी कानांनीं बहिरा असतो, असें पुष्कळांस वाटतें. हा शब्द अरबी ‘बह्र’, म्हणजे समुद्र, यापासून आलेला असून समुद्राकडील पक्षी एवढाच त्याचा अर्थ. श्रवणाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं.

याहून अधिक घोंटाळा लिंगाचा होतो. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी व नर सुमारें एकतृतीयांशानें लहान असतो. बळकट म्हणून मादीचें महत्त्व विशेष. त्यामुळें बाजदारांच्या भाषेंत जातीचें मुख्य नांव मादीचें, व नरास वेगळें नांव. जर्डन यांनीं आपल्या हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या १८६२ च्या पहिल्या खंडांत ही नांवें नोंदिलीं आहेत : बाज ही मादी, जुर्रा हा तिचा नर, शिकरा मादी, चिपक नर, लगर मादी, झगर नर. आपल्या भाषेंत ‘बाज’ व ‘शिकरा’ हे शब्द पुल्लिंगी चालतात, म्हणून वाचणारा तो नर समजतो, आणि ‘जुर्रा’ ही कोणी वेगळीच जात किंवा बाजाची मादी असावी असें अनुमान करितो. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. एखाद्या यादींत ‘बाज’ व ‘जुर्रा’ शेजारीं शेजारीं आले, तर त्या दोन जाति नसून एकाच जातीची जोडी आहे, हें टिपेंत सांगणें संपादकाचें काम होय.

आतां आमच्या प्रदेशाचा विचार. बाज हा हिमालयांतला पक्षी. तेथें तो घरटें करितो. हिंवाळ्यांत क्वचित् उत्तरेच्या मैदानांत उतरतो. महाराष्ट्रांत त्याची वस्ती नाहीं. सह्याद्रीच्या दक्षिण भागांत डोक्यावर तुरा असणारा त्याचा एक लहान नातलग राहतो, पण तो हा नव्हे. यावरून एक कसोटी हातीं लागते. दक्षिणेंतील कागदांत ‘बाज’ आला तर दोनच शक्यता : एक तर तो उत्तरेकडून आणविलेला, म्हणून दुर्मिळ व बहुमोल पक्षी, किंवा लिहिणारानें हा शब्द कोणत्याही शिकारी पक्ष्यास ढोबळपणें लाविलेला. दुसरी शक्यता कमी नाहीं. कारण पक्ष्यांच्या विद्येवरील फार्सी ग्रंथांसच ‘बाजनामा’ म्हणतात, आणि ज्या नांवावरून सबंध विद्या ओळखिली जाते तें नांव सैल होणारच. याउलट शिकरा हा आमच्या गांवोगांवचा रहिवासी. त्याचा उल्लेख आल्यास दूरदेशच्या नजराण्याची कल्पना करण्याचें प्रयोजन नाहीं. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना येतो. परंतु तेवढ्यावरून त्यांत बाज होते असें म्हणणें घाईचें होईल. पदार्थ सिद्ध करावयाचा तर त्याच्या नांवाचा स्वतंत्र उल्लेख दाखविला पाहिजे.

मोडी वाचणारांस आणखी एक अडचण आहे. मोडींत शब्द सलग लिहिले जातात व ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं. ‘बाज’ हीं दोन अक्षरें आलीं कीं, तो पक्षी असेल, निजावयाची बाज असेल, ‘बाजे खर्च’ यांतील ‘बाजे’ याचा अर्धा राहिलेला शब्द असेल, किंवा एखाद्या बाजीचें नांव असेल. जमाखर्चांत ‘बाज दोन’ असें आढळलें तर तेवढ्यावरून कोणत्याही सरदारास श्येनमृगयेची हौस लावून देणें बरें नव्हे. आसपास मांसाचा खर्च, घुंगरूं, हातमोजा, बाजदाराचा रोजमुरा यांपैकीं कांहीं असेल तरच पक्षी धरावा. नसेल तर खाटच बरी.

चित्रसंग्राहकांसाठीं रुद्रदेवाची कसोटी तर फारच उपयोगी आहे. मुठीवर शिकारी पक्षी घेतलेल्या राजपुरुषांचीं चित्रें अनेक संग्रहांतून आहेत, व त्यांच्याखालीं ‘ससाणा घेतलेला सरदार’ असें सरसकट लिहिलेलें असतें. चित्रकारानें डोळा पिवळा अगर तांबडा रंगविला असेल, छातीवर आडवे बारीक पट्टे असतील, शेपटी पंखांच्या टोंकांपुढें बरीच निघाली असेल, तर पक्षी बाजाच्या वर्गाचा. डोळा काळा, गालावर मिशीसारखा गडद पट्टा व पंखांचीं टोंकें शेपटीच्या शेवटाजवळ पोंचलेलीं असतील तर बहिरीच्या वर्गाचा. मागाहून कोणी डोळा गिरविला नसल्याची खात्री मात्र आधीं करून घ्यावी. एका काळ्या ठिपक्यानें पक्ष्याचें कुल बदलतें.

शास्त्रीय नांवें स्थिर असतात, तेव्हां तींच वापरावीं, अशी सूचना कोणी करील. तीही अपुरी आहे. बाजास जर्डन ‘अ‍ॅस्टर’ गणांत घालीत; पुढें विसाव्या शतकांत त्यास ‘अ‍ॅक्सिपिटर’ म्हणूं लागले; २०२४ मध्यें पक्षिशास्त्रज्ञांच्या प्रमुख याद्यांनीं त्यास पुन्हा ‘अ‍ॅस्टर’ गणांत नेलें. शास्त्राचीं नांवें शोधाबरोबर बदलतात, व तें शास्त्राचें भूषण आहे. मौजेची गोष्ट अशी कीं, ‘अ‍ॅक्सिपिटर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘शीघ्र उडणारा’ असा लावितात, आणि ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलांतील सव्विसाव्या सूक्तांत श्येनास ‘आशुपत्वा’ हें त्याच अर्थाचें, त्याच कुळांतलें विशेषण लाविलेलें आहे. नांवांचे असे दूरचे सोयरे सांपडतात तेव्हां आनंद होतो. परंतु त्या आनंदांत समोरच्या कागदावरील अक्षर बदलून टाकण्याची सवलत मिळत नाहीं.

एकंदरींत श्यैनिकशास्त्राविषयीं आमचें मत असें : पक्ष्यांची ओळख, संगोपन व शिकार या बाबतींत तें प्रमाण मानावें, नांवांच्या उगमाविषयीं मानूं नये. आणि आमच्या संपादकांस व संग्राहकांस विनंती एवढीच कीं, मूळांत बाज असेल तर बाज, जुर्रा असेल तर जुर्रा, शिकरा असेल तर शिकरा असेंच छापावें. सर्वांचा ‘ससाणा’ करून वाचकाची सोय पाहूं नये. अर्थ लावावयाचा तो टिपेंत लावावा. मूळ शब्द कायम राहिला तर आपली टीप चुकली तरी पुढचा अभ्यासक ती सुधारील. मूळ शब्दच पुसला गेला, तर सुधारण्यासारखें कांहीं उरणार नाहीं.